कॉमिक आणि टीव्ही: सुपरहिरोंच्या गोष्टी कुठून आणि कशा सुरू करायच्या

सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो जून १९३८ ही तारीख छापलेल्या अंकात. त्याच्या पुढच्याच वर्षी बॅटमॅन आला आणि १९६२ मध्ये स्पायडरमॅन. या तिघांचे नवे अंक आजही निघतात. टीव्हीवरही सुपरहिरो १९५०च्या दशकापासून आहेत. एवढा पसारा समोर आला की नवा माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो: अगदी पहिल्या अंकापासून सुरुवात करतो, नाहीतर या महिन्याचा ताजा अंक उचलतो. दोन्ही वाटांनी लवकरच कंटाळा येतो.

जुन्या अंकांत दोष नाही, पण ते वेगळ्या वाचकासाठी लिहिलेले आहेत. सुपरमॅनची पहिली गोष्ट १३ पानांची आहे. त्या काळात चित्रात जे दिसतंय तेच वरच्या चौकोनात शब्दांतही सांगायची पद्धत होती, त्यामुळे आजच्या वाचकाला ते संथ वाटतं. हिरोची ओळख झाली की हेच अंक मजा देतात. ताज्या अंकाची अडचण वेगळी आहे. तो बहुधा पाच-सहा अंकांच्या गोष्टीतला मधलाच तुकडा असतो, आणि त्याआधीच्या दोन-चार गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं तो धरून चालतो.

म्हणून सुरुवात अशी करा: एक हिरो, त्याची एक पूर्ण झालेली कॉमिक-गोष्ट, आणि त्याच हिरोच्या टीव्ही मालिकेचा एक सीझन. सगळा इतिहास कळायची गरज नाही.

पहिली जोडी कशी निवडायची

कॉमिक निवडताना तीन गोष्टी बघा. गोष्ट संपलेली असावी. ती चार ते बारा अंकांत मावणारी असावी. आणि शक्यतो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लेखक आणि चित्रकार तेच असावेत. तिसरी अट लोक सहज सोडून देतात, पण नवख्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. मध्येच चित्रकार बदलला की चेहरे बदलतात, आणि पात्रांची ओळख अजून पक्की झालेली नसताना कोण कोण आहे हेच कळेनासं होतं.

या अटींत चपखल बसणारं पुस्तक म्हणजे 'बॅटमॅन: इयर वन'. १९८७ मध्ये 'बॅटमॅन'च्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत ही गोष्ट आली. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. बॅटमॅनबद्दल काहीही माहीत नसलेला माणूस ती एका बैठकीत वाचू शकतो. तिच्या जोडीला १९९२ मध्ये सुरू झालेली बॅटमॅनची ॲनिमेटेड मालिका घ्या. प्रत्येक भाग बाविसेक मिनिटांचा आणि बहुतेक भाग स्वतंत्र आहेत. 'हार्ट ऑफ आइस', दोन भागांचा 'रॉबिन्स रेकनिंग' आणि 'ऑलमोस्ट गॉट इम' एवढे चार भाग बघितलेत तरी मालिकेची जात कळते. तिची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवलेली होती. म्हणून त्या शहरात अंधार आधीपासूनच असल्यासारखा आणि उजेड मागाहून पडल्यासारखा वाटतो.

हलकंफुलकं, तरुण काही हवं असेल तर 'मिस मार्व्हल', म्हणजे कमला खानची गोष्ट. तिची स्वतःची कॉमिक-मालिका २०१४ मध्ये सुरू झाली, पहिल्या संग्रहात पाच अंक आहेत. टीव्ही मालिका २०२२ ची, सहा भागांची. घरातल्या मुलांसोबत वाचता-बघता येते.

'हॉकआय' या धनुर्धर हिरोसाठी मॅट फ्रॅक्शनने लिहिलेली आणि २०१२ मध्ये सुरू झालेली मालिका घ्या. तिची मुख्य चित्रशैली डेव्हिड आहाची आहे. मध्ये काही अंक इतरांनी काढलेत, पण पहिले तीन अंक सलग आहाचेच आहेत, तेवढ्यात नजर सरावते. २०२१ ची सहा भागांची टीव्ही मालिका मात्र मार्व्हलच्या चित्रपटांवर टेकलेली आहे. चित्रपटांतल्या त्याच्या मैत्रिणीचं, ब्लॅक विडोचं काय झालं हे माहीत नसेल तर तिच्यातलं निम्मं दुःख कळणार नाही.

'डेअरडेव्हिल' आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन्ही जोड्या उत्तम आहेत, पण त्या मोठ्यांसाठी आहेत. 'इन्व्हिन्सिबल'ची टीव्ही मालिका ॲनिमेटेड आहे म्हणून मुलांसमोर लावू नका. पहिल्या भागाचा शेवट अतिशय रक्तरंजित आहे.

अंक, संग्रह आणि 'व्हॉल्यूम'चा घोळ

सुटा अंक पातळ असतो आणि त्यात साधारण २० ते २२ पानं गोष्टीची असतात. असे पाच-सहा अंक एकत्र बांधले की कागदी बांधणीचा संग्रह होतो, १२० ते १४० पानांचा. नवख्याने हाच घ्यावा. ऑम्निबस म्हणजे शेकडो पानांचा जाडजूड ग्रंथ. तो मांडीवर धरून वाचणं अवघड जातं, आणि एकदा घेतला की संपवायचं ओझं होतं.

घेण्याआधी दोन ठिकाणं तपासा: मागचं मुखपृष्ठ, आणि आतलं प्रकाशनाच्या तपशिलाचं पान. संग्रहात कोणत्या मालिकेचे कोणते अंक आहेत हे तिथे छापलेलं असतं. ही एक ओळ वाचली तर चुकीचं पुस्तक घरी यायचे बहुतेक प्रसंग टळतात.

राहिलेले प्रसंग 'व्हॉल्यूम' या शब्दामुळे घडतात, कारण तो दोन अर्थांनी वापरतात. एक अर्थ, संग्रहाचा क्रमांक: एकाच मालिकेचं पहिलं पुस्तक, दुसरं पुस्तक. दुसरा अर्थ, मालिकेची आवृत्ती. प्रकाशक मालिका थांबवून पुन्हा अंक १ पासून आकडे सुरू करतात, तेव्हा नवी आवृत्ती धरली जाते. डेअरडेव्हिलचा पहिला अंक १९६४ चा, पण १९९८, २०११ आणि २०१४ मध्येही त्याचे 'अंक १' निघालेत. नुसतं 'डेअरडेव्हिल, अंक १' म्हणून शोधलंत तर यातला कुठलाही हाती लागू शकतो. म्हणून शोधताना नेहमी तीन गोष्टी सोबत ठेवा: मालिकेचं नाव, सुरू झाल्याचं वर्ष आणि लेखकाचं नाव.

मुखपृष्ठावरचा महिना हा अंक विक्रीला आल्याचा महिना नसतो, हेही ध्यानात ठेवा. परंपरेने तो एक-दोन महिने पुढचा छापतात. दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा दिसल्या तर बहुधा कारण हेच असतं.

पान वाचायची सवय

वीस पानांचा अंक पाच मिनिटांत संपला तर तुम्ही फक्त संवाद वाचलेत. नीट वाचलेल्या अंकाला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. सहा अंकांच्या संग्रहाला दीड-दोन तास धरा, आणि जमलं तर तो एकाच बैठकीत संपवा.

क्रम डावीकडून उजवीकडे, वरून खाली. चित्राच्या चौकटीच्या आतही तसंच: संवादाचा जो फुगा वर आणि डावीकडे, तो आधी. पान उघडल्यावर लगेच पहिल्या फुग्याकडे धावू नका. दोन-तीन सेकंद अख्खं पान बघा. चौकटी किती आहेत, सगळ्यात मोठी कोणती, रंग कुठे बदललाय. मोठ्या चौकटीत चित्रकाराला तुम्हाला थांबवायचं असतं. एका ओळीत पाच-सहा अरुंद चौकटी आल्या की प्रसंग एकेका क्षणात चिरलेला असतो. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडतं ते कुणीच काढलेलं नसतं, ते तुम्ही मनात पूर्ण करता. एका चौकटीत उगारलेली मूठ आणि पुढच्या चौकटीत फुटलेली काच असेल, तर मधला ठोसा वाचकाचा असतो. टीव्हीत आणि कॉमिकमध्ये सगळ्यात मोठा फरक इथे आहे. टीव्हीवर वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो, कॉमिकमध्ये तो तुमच्या हातात असतो.

फुग्यांचे आकारही बोलतात. काटेरी कडा म्हणजे ओरडणं किंवा यंत्रातून आलेला आवाज, तुटक रेषेची कड म्हणजे कुजबुज, ढगासारखा फुगा म्हणजे मनातला विचार. आजच्या कॉमिकमध्ये ढग फारसे दिसत नाहीत, विचार चौकोनी पट्ट्यांत येतात. त्या पट्ट्यांचा रंग किंवा अक्षरवळण पात्रागणिक वेगळं असतं. त्याकडे लक्ष दिलं नाही तर कोण बोलतंय तेच कळत नाही.

'इयर वन'ची पहिली पानं याचा उत्तम नमुना आहेत. तारीख ४ जानेवारी. पोलीस अधिकारी गॉर्डन आगगाडीने बॅटमॅनच्या गॉथम शहरात येतोय आणि त्याच दिवशी ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, विमानाने. दोघांच्या मनातलं बोलणं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे. गॉर्डनला वाटतं, विमानातून हे शहर सुसंस्कृत आहे असा भास झाला असता. ब्रूस वरून स्वच्छ इमारती बघतो आणि म्हणतो, आगगाडीने यायला हवं होतं, शत्रू जवळून दिसला असता. दोघांची अजून भेटही झालेली नाही, पण ते एकमेकांना उत्तर देतायत. हे पान भरभर उलटलं तर हाती फक्त 'दोन माणसं शहरात आली' एवढंच लागतं.

पहिलं वाचन गोष्टीसाठी करा. मग त्यातला एखादा आवडलेला अंक पुन्हा घ्या, आणि या वेळी फुगे न वाचता फक्त चित्रं बघत जा. चांगल्या चित्रकाराची गोष्ट शब्दांशिवायही बऱ्यापैकी कळते. 'हॉकआय'चा ११ वा अंक तर याच विश्वासावर उभा आहे. तो अख्खा अंक हॉकआयच्या लकी नावाच्या कुत्र्याच्या नजरेतून सांगितलाय. माणसांच्या बोलण्यातले त्याला ओळखू येणारे मोजके शब्दच वाचता येतात, बाकी सगळं गिचमीड. कोणाच्या अंगाला कसला वास येतो, कोण कुठून आलं, हे छोट्या खुणाचित्रांच्या जाळ्यांतून कळतं. पहिल्यांदा गोंधळल्यासारखं होईल. पाच-सहा पानं धीर धरा, खुणांची भाषा आपोआप उलगडते.

फोनवर वाचताना

बहुतेक ॲपमध्ये एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते. छोट्या पडद्यावर ती सोयीची वाटते, पण त्यात पानाची रचना हरवते आणि सगळ्या चौकटी सारख्याच महत्त्वाच्या भासतात. तडजोड अशी: आधी पूर्ण पान बघा, मग चौकटी मोठ्या करून वाचा, शेवटी पुन्हा पूर्ण पान. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र आलं की उपकरण आडवं धरा. उभ्या पडद्यावर ते दोन तुकड्यांत येतं आणि संवादांचा क्रम उलटापालटा होतो. शक्य असेल तर दहा इंचांच्या आसपासचा टॅबलेट वापरा. त्यावर अख्खं पान फारसं मोठं न करता वाचता येतं.

टीव्ही मालिका: सगळ्या एकाच रीतीने बघायच्या नाहीत

१९६६ ते १९६८ मधल्या ॲडम वेस्टच्या 'बॅटमॅन'चे १२० भाग आहेत. पहिल्या दोन सीझनमध्ये गोष्ट बहुधा दोन भागांची असायची: पहिल्या रात्री हिरो संकटात लटकलेला सोडायचा, सुटका दुसऱ्या रात्री. अशी मालिका सलग दहा भाग बघितली की एकसुरी वाटते. दोन-दोन भाग बघा, म्हणजे त्या टांगणीची मजा राहते.

दूरचित्रवाणीच्या जुन्या साच्यातल्या लांब मालिकांचं गणित निराळं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'द फ्लॅश'च्या पहिल्या सीझनमध्ये २३ भाग आहेत. बरेच भाग 'या आठवड्याचा खलनायक' पद्धतीचे आहेत, मोठी गोष्ट त्यांच्या कडेकडेने सरकते. मधले भाग गाळून पुढे जायचा मोह आवरा. अशा मालिकांत शेवटाला जो भावनिक जोर येतो तो याच भागांत मुरलेल्या नात्यांमुळे. दिवसाला एक-दोनच बघा, म्हणजे थकवा येत नाही.

सहा ते नऊ भागांच्या नव्या मालिका प्रत्यक्षात लांबलचक चित्रपटच असतात. 'वांडाव्हिजन'चे नऊ भाग तीन-चार दिवसांत संपवा. तिचे सुरुवातीचे भाग वेगवेगळ्या दशकांतल्या विनोदी मालिकांच्या शैलीत आहेत आणि दोन भागांनंतर अनेकजण 'हे काय चाललंय' म्हणून सोडून देतात. कोडं चौथ्या भागात उलगडू लागतं. तिथवर थांबा.

क्रमाचा प्रश्न मात्र खरा आहे. बॅटमॅनच्या ॲनिमेटेड मालिकेचे भाग जसे बनले तसे प्रसारित झाले नाहीत, म्हणून वेगवेगळ्या याद्यांत क्रम वेगळा दिसतो. बहुतेक भागांना त्याने फरक पडत नाही. फक्त सरकारी वकील हार्वी डेंट बिघडतो ते दोन भाग, तो खलनायक म्हणून येतो त्या भागांच्या आधी बघा. 'एजंट्स ऑफ शील्ड'च्या पहिल्या सीझनमध्ये १७ वा भाग लावण्याआधी कॅप्टन अमेरिकाचा २०१४ चा चित्रपट बघणं भाग आहे, कारण तो भाग चित्रपटातल्या उलथापालथीवरच उभा आहे. आणि २०१९-२० मधली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही गोष्ट पाच मालिकांत विखुरलेली आहे: सुपरगर्ल, बॅटवुमन, फ्लॅश, ॲरो, लेजंड्स ऑफ टुमॉरो, याच क्रमाने. ती कळावी म्हणून पाचही मालिका पहिल्यापासून बघायला बसू नका. ज्या मालिकेत तुम्ही आहात ती चालू ठेवा आणि या गोष्टीचे फक्त पाच भाग सलग बघा.

एकच हिरो दोन्हीकडे

कॉमिक छोटं असेल तर आधी कॉमिक, मग टीव्ही. एकदा नटाचा चेहरा आणि आवाज मनात बसला की चित्रातल्या पात्राला तोच आवाज चिकटतो, आणि चित्रकाराने काढलेला चेहरा नुसता 'वेगळा' वाटू लागतो. दोन्हींमध्ये चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. आज पुस्तक वाचून रात्रीच मालिका लावली तर पूर्णवेळ फरकच मोजले जातात.

फरक तर असणारच. तो कशासाठी केला, हे बघण्यात गंमत आहे. कॉमिकमधली कमला स्वतःचं शरीर ताणते, मूठ भिंतीएवढी करते, कधी दुसऱ्याचं रूप घेते. पहिल्यांदा शक्ती येते तेव्हा ती नकळत गोऱ्या, सोनेरी केसांच्या जुन्या मिस मार्व्हलसारखी दिसू लागते. आपण जसे आहोत तसे पुरेसे नाही, हे तिच्या मनातलं थेट शरीरावर उमटतं. टीव्हीवर तिची शक्ती प्रकाशाच्या घट्ट आकारांची आहे आणि ती पणजीच्या बांगडीतून जागी होते. त्यामुळे रूप बदलण्याचा धागा गेला, पण बांगडीबरोबर घराण्याचा इतिहास आला, आणि गोष्ट १९४७ च्या फाळणीपर्यंत, कराचीकडे निघालेल्या आगगाडीपर्यंत पोहोचली. कोणतं चांगलं यावर मतं वेगळी असतील. कॉमिकचा निर्णय जास्त धारदार आहे, पण फाळणीचा भाग टीव्हीवर मनाला लागतो.

'डेअरडेव्हिल'मध्ये तुलना एकाच मुद्द्यावर करता येते. अंध नायकाला जग कसं 'दिसतं' हे कॉमिकला चित्रातच दाखवायला लागतं. २०११ च्या कॉमिक-मालिकेच्या पहिल्या मुखपृष्ठावर पाओलो रिव्हेराने त्याच्याभोवतीचं शहर आवाजांच्या शब्दांनीच उभं केलंय. २०१५ च्या टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी इमारतीतल्या कॉरिडॉरमधली मारामारी आहे, एका सलग शॉटसारखी. कॅमेरा कॉरिडॉरमध्येच राहतो, काही ठोसे दारांआड पडतात आणि नुसते ऐकू येतात. ती हेडफोन लावून बघा, वेग अजिबात वाढवू नका.

प्रवास उलट दिशेनेही होतो. जोकरची साथीदार हार्ली क्विन १९९२ मध्ये बॅटमॅनच्या ॲनिमेटेड मालिकेत जन्मली आणि मग कॉमिकमध्ये आली. मिस्टर फ्रीझ या खलनायकाची आजारी पत्नी ही 'हार्ट ऑफ आइस'ची देणगी, जी पुढे कॉमिकनेही स्वीकारली. 'ॲरो'मधला नायकाचा साथीदार जॉन डिगल आधी टीव्हीवर आला. म्हणजे 'मूळ कॉमिकमध्ये असं नाही' ही तक्रार नेहमीच योग्य ठरत नाही.

अनेक पृथ्वी, मरण आणि परतणं

१९६१ च्या एका अंकात फ्लॅश दुसऱ्या पृथ्वीवरच्या जुन्या फ्लॅशला भेटला आणि तिथून डीसी या प्रकाशकाच्या कॉमिकमध्ये अनेक पृथ्वींची कल्पना रुजली. १९८५-८६ मध्ये बारा अंकांच्या गोष्टीने त्या एकत्र केल्या, आणि २०११ मध्ये एकाच महिन्यात ५२ मालिका अंक १ पासून पुन्हा सुरू झाल्या. एवढं माहीत असलं की पुरे. वाचताना तळाशी तारांकन करून अमुक अंक बघा अशी संपादकाची टीप दिसली तर तो अंक शोधायला उठू नका. लागणारी माहिती बहुधा पुढच्या दोन-तीन पानांत येते. आणि विकी-पानावर पात्राचं नाव टाकून बघू नका. तिथे पहिल्याच परिच्छेदात त्याचा मृत्यू आणि पुनरागमन दोन्ही लिहिलेलं असतं.

पहिली जोडी संपली की पुढचं पुस्तक हिरोवरून नव्हे, लेखक-चित्रकारांवरून निवडा. एकाच हिरोचं नाव असलेली दोन पुस्तकं दर्जाने जमीन-अस्मानाइतकी वेगळी असू शकतात. मिलर आणि मॅझुकेली आवडले असतील तर त्यांनी १९८६ मध्ये डेअरडेव्हिलवर केलेलं 'बॉर्न अगेन' घ्या. सुपरमॅनसाठी ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं बारा अंकांचं 'ऑल-स्टार सुपरमॅन'. 'वॉचमेन' मात्र आठ-दहा पुस्तकं झाल्यावर वाचा. ते सुपरहिरोंच्या गोष्टींनाच प्रश्न विचारतं, आणि त्या गोष्टी अंगवळणी पडल्याशिवाय प्रश्नांची धार कळत नाही. त्याची बहुतेक पानं नऊ सारख्या चौकटींच्या आराखड्यावर बांधलेली आहेत, तेव्हा जिथे तो आराखडा मोडतो तिथे थांबा. २०१९ ची नऊ भागांची टीव्ही मालिका त्या पुस्तकाच्या पुढची गोष्ट सांगते, म्हणून ती पुस्तकानंतरच लावा.